गेटाबाहेरचा वासुदेव



आपण काकड्याला बसतो तेव्हा भूपाळ्या झाल्या की वासुदेवाचे अभंग येतात. मग आंधळे, पांगुळ, जोगी आणि पुढे गौळणी. हा क्रम आपल्या जिभेच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो असाच का, हे कोणी विचारत नाही. मलाही तो प्रश्न अनेक वर्षे पडला नव्हता. गेल्या कार्तिकात पडला. ज्या कारणाने पडला ते सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो. कारण ही लाज बहुधा माझ्या एकट्याची नाही.

मी बोरिवलीला राहतो. आमच्या सोसायटीच्या आवारात एक लहानसे विठ्ठलमंदिर आहे. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथे पहाटे पाचला काकडा होतो. दहा-बारा टाळकरी, एक मृदंग, एक पेटी. त्या दिवशी वासुदेव फार छान रंगला. मृदंग चढत गेला, टाळ एकजीव झाले, दोघेतिघे उठून पावली खेळले. आरती झाली, प्रसाद झाला. सातच्या सुमारास दूध आणायला मी गेटापाशी गेलो, तर गेटाबाहेर वासुदेव उभा.

अंगात घोळदार अंगरखा, कमरेला शेला, त्यात खोवलेला पावा, डोईवर मोरपिसांचा उंच टोप, हातांत टाळ नि चिपळ्या. वॉचमन त्याला भिंतीवरची पाटी दाखवत होता. 'फेरीवाले, विक्रेते व भिक्षेकरी यांना आत प्रवेश नाही.' तीन वर्षांपूर्वी या पाटीचा मजकूर कमिटीत ठरला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

मी विचारले, "बुवा, कुठून आलात?"

"पहिल्या गाडीनं आलो, माउली. काल मुलुंडला होतो, परवा घाटकोपरला. तिकडं डोंगरावरच्या चाळींत गाणं झालं. इकडं सकाळपासून पाच गेटं झाली."

"आत कोणी सोडलं नाही?"

तो हसला. "चाळीला दारं असतात, माउली. दारात उभं राहून गाता येतं. गेटावर कुणासाठी गाऊ? वॉचमनसाठी?"

मी वीस रुपये पुढे केले. त्याने टाळ काखेत धरले, नोट कपाळाला लावली आणि हळू आवाजात 'दान पावलं' म्हणत पंढरीच्या विठोबाचे, आळंदीच्या ज्ञानोबाचे, देहूच्या तुकोबाचे, जेजुरीच्या खंडोबाचे नाव घेतले. पण तो गायला नाही. दोन तासांपूर्वी आम्ही मोठ्या आवाजात ज्याच्या नावाने गायलो, तो गेटाबाहेरून न गाताच पुढच्या गेटाकडे निघून गेला.

तेव्हापासून मी वासुदेवाचे अभंग नव्याने वाचतो आहे. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट क्रमाची. भूपाळी देवाला उठवते. आता देव उठला. मग वासुदेव कोणाला उठवायला येतो? आपल्याला. काकड्याच्या क्रमात हा मोठा विचार आहे. देवाला जागे करणारे आपण स्वतः अजून झोपेत आहोत, हे ज्यांनी हा क्रम लावला त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी भूपाळीच्या मागोमाग वासुदेव ठेवला. त्याच्या पाठोपाठ आंधळे-पांगुळ येतात, तेही आपणच.

दुसरी गोष्ट रूपकाची. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ आणि तुकोबा, या चौघांच्याही नावावर वासुदेवाच्या रचना आहेत. ज्ञानोबांच्या वासुदेवात आधी ऐकू येतो तो टाळांचा नाद. पहाट झाली आहे, उठा आणि मुखाने नाम घ्या, एवढाच त्याचा निरोप. तिथे शब्दांपेक्षा नाद पुढे आहे आणि ते बरोबरच आहे, कारण झोपलेल्या माणसाच्या कानावर आधी नाद पडतो आणि अर्थ मागून येतो. तुकोबांचा वासुदेव अधिक कठोर आहे. उजाडले असताना डोळे बंद ठेवणारा माणूस स्वतःच अंधार करून घेतो, आणि तिकडे काळ हिशेबाची वही उघडून बसला आहे, असे तो दारात उभा राहून बजावतो. तुकोबांच्या दुसऱ्या एका वासुदेवात तर देह हीच एक नगरी होते आणि मन तिचा राजा. म्हणजे फिरता गायक ज्या जुन्या नगरीत गाण्यासाठी जागा शोधतो आहे, ती नगरी आपण स्वतःच आहोत.

या रचना एकत्र वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. वासुदेवाचे रूपक तीन खांबांवर उभे आहे. वेळ, दार आणि दान. तो पहाटे येतो, न बोलावता दारात उभा राहतो आणि काहीतरी मागतो. यातला एक खांब काढला तरी रूपक कोसळते. दुपारी आलेला वासुदेव कोणाला उठवणार? आमंत्रण देऊन बोलावलेल्याने कोणाची झोपमोड होणार? आणि काहीच न मागणारा वासुदेव आला काय नि गेला काय, आपल्या गाठीचे काही सुटत नाही.

संतांनी हे रूपक कल्पनेने रचले नाही. ते रस्त्यावरून उचलले. याबाबतीत नाथांचे पैठण डोळ्यांपुढे आणावे. गोदावरीकाठचे हे प्रतिष्ठान सातवाहनांची राजधानी होते. नाथांच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकात, ते विद्येचे आणि कर्मठपणाचे जुने माहेर होते. अशा नगरीत फिरस्त्या गायकाला जागा कुठे? शास्त्र्यांच्या सभेत नाही, देवळाच्या गाभाऱ्यात नाही. घाटावर, बाजारात आणि कोणी उभे राहू दिले तर दारात. नाथांनी त्यांना आपल्या शब्दांत जागा दिली. त्यांची सुमारे तीनशे भारुडे सांगितली जातात. ज्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि एकादश स्कंधावरची टीका काशीत पूर्ण केली, त्याच हातांनी गोंधळी, जोशी, भुत्या, कोल्हाटीण, पांगुळ आणि वासुदेव यांना बोलते केले. एवढ्या मोठ्या पंडिताने हे केले, याचे आपण कौतुक करतो. मला वाटते, कौतुक करण्यापेक्षा त्यामागचे साधे कारण पाहावे. नाथ त्यांचे गाणे थांबून ऐकत होते. ऐकल्याशिवाय असे लिहिता येत नाही. त्या त्या गायकाचा ठेका, त्याची हाक, मागण्याची लकब, सगळे भारुडात जसेच्या तसे उतरले आहे.

आता एक कागद शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्र शासनाची भटक्या जमातींची यादी आहे. तीत गोंधळी आहेत, जोशी आहेत, भुते, कोल्हाटी, पांगुळ, वासुदेव आहेत. ही नाथांच्या भारुडांची अनुक्रमणिकाच वाटावी. ज्यांचे सोंग घेऊन आपण चारशे वर्षे परमार्थ सांगितला, ती माणसे अजून फिरतच आहेत आणि जागा शोधतच आहेत. आपण त्यांचे रूपक आत घेतले, माणूस मात्र बाहेर ठेवला.

माझे हे बोलणे कोणाला कडक वाटेल. म्हणून आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. आपल्या उपनगरांत दिवाळी पहाट होते. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर असो की मुलुंडचे कालिदास, पहाटे सभागृहे भरतात, आणि अशा कार्यक्रमांत पुष्कळदा एक वासुदेव प्रवेश करतो. त्याचा टोप नवा असतो, अंगरखा इस्त्रीचा असतो आणि गाणारा बहुधा सुराला पक्का असतो. मी असे कार्यक्रम आवडीने ऐकले आहेत. रंगमंचावरचा वासुदेव वाईट गातो, असे मी म्हणणार नाही. रस्त्यावरच्यापेक्षा तो कित्येकदा अधिक सुरेल असतो.

पण टीका करायची तर ती सुरावर करून भागत नाही. या प्रयोगात रूपकाची दिशाच उलटली आहे. वासुदेव लोकांच्या दारी येत नाही, लोक त्याच्या दारी जातात. लोक आधीच जागे आहेत, आंघोळ करून, नवे कपडे घालून आले आहेत. तो काही मागत नाही, कारण तिकिटाचे पैसे आधीच दिलेले आहेत. वेळ तेवढी राहिली, दार गेले आणि दानही गेले. उरला तो एक सुंदर वेश. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि टाळी वाजली की हिशेब मिटला असे वाटते. संतांच्या वासुदेवाला हिशेब मिटवायचा नव्हता, उघडायचा होता.

आमच्या काकड्याचेही तसेच. आम्ही वासुदेव गातो, म्हणजे आम्ही वासुदेव होतो. पण आम्ही कोणाच्या दारात जातो? मंदिराच्या काचा बंद असतात, वरच्या मजल्यावरची तक्रार नको म्हणून. ज्याला उठवायचे तो आमच्यात नसतो आणि जे आमच्यात असतात ते उठूनच आलेले असतात. तरी आम्हाला वाटते, आज वासुदेव रंगला.

आता आपल्या मनातले आक्षेप घेऊ. ते माझ्याही मनात होते.

पहिला आक्षेप तुकोबांचाच. भिक्षापात्र हाती घेऊन जगण्याला तुकोबांनी फार कठोर शब्द वापरले आहेत. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, ही त्यांची शिकवण आपण प्रत्येक सप्ताहात ऐकतो. मग नाव घेऊन पैसे मागणाऱ्याचा एवढा कळवळा कशाला? यावर मी बराच विचार केला. उत्तर तुकोबांच्या गाथेतच आहे. ज्यांनी ते कठोर अभंग लिहिले, त्यांनीच वासुदेवही लिहिला आणि त्यात स्वतः वासुदेव होऊन गायले. त्यांचा राग कशावर आहे, हे नीट पाहायला हवे. देवावर भरवसा नसल्याने मागत फिरणे आणि नामाचा बाजार मांडणे, यांवर तो राग आहे. वासुदेव दान घेतो आणि लगेच ते देवांच्या नावे पोचते करतो. मला मिळाले, असे तो म्हणत नाही. दान पावलं, असे म्हणतो. पंढरीला पावलं, आळंदीला पावलं, जेजुरीला पावलं. देणाऱ्याचा हात तो आपल्या हातावरून उचलून देवाच्या हातात नेऊन ठेवतो. त्याचे पोट त्यावर चालते, हे खरेच. पण आपल्यापैकी कोणाचे पोट देवाच्या दयेवाचून चालते?

आणि हो, टोप घातलेला प्रत्येक जण खरा असेलच असे नाही. पण कोणत्याही संताने रूपक उचलण्याआधी वासुदेवाचे ओळखपत्र तपासल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भिकेची व्याख्या करताना, गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा कोणत्याही निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे म्हणजे भीकच, असे धरले आहे. त्यासाठी खासगी आवारात शिरणे हीसुद्धा भीकच. या कायद्यातल्या अनेक कलमांना २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरते घटनाबाह्य ठरवले. कायद्याचा निवाडा न्यायालये करतील. आपल्यासाठी त्यातला 'निमित्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याच्या नजरेला गाणे हे निमित्त दिसते आणि भीक हा हेतू. संतांच्या नजरेला नेमके उलटे दिसले. त्यांना दान हे निमित्त वाटले आणि जागे करणे हा हेतू. समोर उभा माणूस तोच, टाळ तेच, हातही तसाच पुढे केलेला. फरक फक्त पाहणाऱ्यात. आमच्या पाटीवरचा 'भिक्षेकरी' हा शब्द कमिटीने कायद्याच्या नजरेने लिहिला. त्या कमिटीतले आम्ही चौघे जण मात्र माळकरी होतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हलका मानत नाही. चोऱ्या होतात. म्हातारी माणसे घरात एकटी असतात. अनोळखी माणसाला मजल्यामजल्यावर फिरू द्यावे, असे मी म्हणत नाही. पण कुरियरवाला, जेवण पोचवणारा, केबलवाला असे किती तरी जण रोज वहीत नाव लिहून आत येतात. ज्याच्याकडून आपल्याला वस्तू हवी आहे, त्याच्यासाठी आपण वाट काढली आहे. ज्याच्याकडून फक्त नाम ऐकायचे आहे, त्याच्यासाठी वहीत रकाना नाही. हा प्रश्न सुरक्षेचा कमी आणि गरजेचा अधिक आहे. आपल्याला त्याची गरज वाटत नाही.

बोरिवलीत राहणाऱ्यांनी कान्हेरी पाहिलेली असते, पुष्कळदा सहलीला जाऊन. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्या डोंगरात राहणारे भिक्षू पात्र घेऊन आसपासच्या वस्तीत फिरत आणि लोक त्यांना अन्न वाढत. आपल्या उपनगराचा सर्वांत जुना लेखी पुरावा हा असा दानाचा आहे. पंथ वेगळा, काळ वेगळा. पण या भूमीवर दारात आलेल्याला वाढण्याची रीत आपल्या इमारतींपेक्षा फार जुनी आहे.

आता आपल्या वारीकडे या. आषाढात आपणच फिरस्ते गायक असतो. गळ्यात टाळ, डोक्यावर तुळस, पाठीवर पडशी. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. या गावांनी दर वर्षी आपल्याला आपली शाळा दिली, ओसरी दिली, अंगण दिले, विहिरीचे पाणी दिले. एवढे लाखो लोक येतात, त्यांत चोर नसतील कशावरून, असे त्यांनी विचारले नाही. त्या गावांनी वेशीवर आमच्यासारखी पाटी लावली तर माउलींची पालखी पंढरीला कशी पोचेल? वाटेवरच्या दारांच्या जोरावर आपण वारकरी आहोत. मग वारीहून अंधेरी-घाटकोपरला परतल्यावर आपल्या दाराचे काय होते?

नामदेवरायांची औंढा नागनाथची कथा आपण ऐकलेली आहे. देवळासमोर कीर्तनाला जागा नाकारली, तेव्हा ते गुपचूप मागच्या बाजूला गेले आणि तिथे कीर्तन सुरू केले. मग देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. या कथेकडे आपण नामदेवांचा मोठेपणा म्हणून पाहतो. मी आता तिच्याकडे देवळाची बाजू घेऊन पाहतो. गाणाऱ्याला जागा मिळाली नाही, तर वळायचे कोणी? गाणाऱ्याने नाही, देवळाने. पंढरपुरातही १९४७ साली महाद्वार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांची समाधी त्या दारापाशी कित्येक शतके होती, तरीही. दार आपोआप उघडत नाही, हा आपल्या परंपरेचा कडू अनुभव आहे.

त्या सकाळनंतरच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. एक जण म्हणाले, "एकाला सोडलं तर उद्या दहा येतील." दुसरे म्हणाले, "त्याला कार्यक्रमाला बोलावू की, मानधन देऊ." दोघांचेही बोलणे चुकीच्या हेतूचे नव्हते. पण मानधन देऊन बोलावलेला पुन्हा रंगमंचावरचाच वासुदेव झाला. बराच वेळ बोलून शेवटी एवढे ठरले, की पाटीवरचा 'भिक्षेकरी' हा शब्द काढायचा. आणि सकाळी सहा ते आठ या वेळात वासुदेव आला तर वहीत नाव लिहून त्याला मंदिरापर्यंत येऊ द्यायचे. त्याने तिथे उभे राहून गावे. ज्याला ऐकू येईल त्याने खाली यावे, ज्याला द्यायचे त्याने द्यावे. आणि मंदिराच्या काचा तेवढा वेळ उघड्या ठेवायच्या. विरोधात तीन हात होते.

पाटी बदलली आहे. तो मात्र अजून परत आलेला नाही. त्याला कसे कळावे, की सहाव्या गेटावरचा एक शब्द पुसला गेला? त्याच्या हिशेबी आमची सोसायटी अजूनही न गायलेल्या जागांपैकी एक आहे. मी आता दूध आणायला थोडा लवकर जातो, आणि रस्त्याकडे पाहत जरा थांबतो.

माउली, आपल्या गेटावरही पाटी असेल. आज संध्याकाळी भजनाला जाताना ती एकदा थांबून वाचा. मग येत्या काकड्यात वासुदेव म्हणण्याआधी क्षणभर थांबा आणि एवढेच ठरवा, की आपण ज्याच्या वेशात गाणार आहोत, तो आज आला तर कुठे उभा राहील. तेवढे ठरले की टाळ उचला.

रामकृष्णहरी.